ट्रेनी म्हणून गेलेली साडेचार वर्षं आणि ग्रॅच्युइटीचा दावा

कंपनीने माझी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, ६३,७०० रुपये काढली होती. कायद्याप्रमाणे ती १,२६,००० रुपये निघत होती. हा फरक कुठून आला, तो सिद्ध करायला कुठले कागद उपयोगी पडले आणि लेबर कोर्टात नेमकं काय होतं, हे मी सविस्तर लिहितेय. माझ्या आधी नोकरी सोडून गेलेल्या कितीतरी बायकांनी अशीच कमी रक्कम घेतली आणि घरी गेल्या. हिशेब कसा केलात असं विचारता येतं, हेच आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत, प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चेकर होते. मोल्डिंग मशीनमधून माल आला की कडेला आलेलं जास्तीचं प्लास्टिक कापायचं, गेज लावून माप बघायचं, खराब पीस लाल क्रेटमध्ये टाकायचा. ऑक्टोबर २०१० मध्ये लागले, जून २०२२ मध्ये राजीनामा दिला. घरी सासूबाईंचं आजारपण निघालं आणि रात्रपाळी जमेनाशी झाली. नोटीस पिरियड पूर्ण भरला. म्हणजे नोकरी ११ वर्षं ८ महिने. त्यातली पहिली साडेचार वर्षं कागदावर मी ‘ट्रेनी’ होते. एप्रिल २०१५ मध्ये कायम केल्याचं पत्र मिळालं. पत्र मिळाल्यावर पगार थोडा वाढला, बाकी टेबल तेच, काम तेच, पाळी तीच.

हिशेबाच्या दिवशी एचआरच्या साहेबांनी समोर दोन कागद ठेवले. एकावर आकडे होते. दुसऱ्यावर टाइप केलेलं होतं, ‘माझा सर्व हिशेब मला मिळाला असून यापुढे कंपनीकडे माझे कोणतेही येणे बाकी नाही व मी कोणतीही मागणी करणार नाही.’ खाली माझं नाव आधीच छापलेलं, फक्त सही बाकी. मी विचारलं, “साहेब, यात सात वर्षंच धरलीत. मी तर दहा सालापासून आहे.” ते म्हणाले, “ताई, आधी तुम्ही ट्रेनी होतात. ट्रेनीला ग्रॅच्युइटी नसते. सगळ्यांचं असंच केलंय.” बोलणं शांत होतं, समजावून सांगावं तसं. त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटत असणार.

आमच्या गल्लीत युनियनचं काम करून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की आकडा पटला नाही तर पैसे नाकारायचे नाहीत, पण सहीच्या वर हरकत लिहायची. मी माझ्या हाताने लिहिलं, ‘रक्कम कमी आहे. हरकत राखून स्वीकारली.’ खाली तारीख टाकली, मग सही केली आणि दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो काढला. साहेबांना ते आवडलं नाही, पण त्यांनी कागद घेतला. ज्यांनी असा ‘काही येणे नाही’चा कागद सही करून दिलाय त्यांनीही लगेच आशा सोडू नये. माझ्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम १४ सांगत होतं की या कायद्याच्या विरुद्ध जाणारा कुठलाही करार चालत नाही. तरीही हरकत लिहिलेली असली की पुढचा वाद सोपा होतो.

आता हिशेब. हा प्रत्येकाला स्वतःला करता यायला हवा, कारण तो अजिबात अवघड नाही. शेवटचा पगार घ्यायचा, पण माझ्या वेळच्या नियमाने फक्त बेसिक आणि महागाई भत्ता (डीए). घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस यात येत नाही. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. शेवटचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचं. माझं बेसिक आणि डीए मिळून १८,२०० होतं. भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००. अकरा वर्षं आठ महिन्यांची बारा वर्षं झाली. १,२६,०००.

कंपनीच्या कागदावर १८,२०० ला ३० ने भागलेलं होतं. त्यामुळे वर्षाचे १०,५०० च्या जागी ९,१०० झाले होते. ट्रेनीपणाच्या वर्षांबद्दल निदान वाद होऊ शकतो, पण या ३० बद्दल वाद व्हायचं कारणच नाही. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं असं कायद्यात सरळ लिहिलेलं आहे. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. वर्षाला १,४०० रुपये, आणि ते सुटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पैशातून.

ही रक्कम म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेली भेट, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. पाच वर्षं सलग नोकरी झाली आणि कारखाना असेल, किंवा दहा वा जास्त माणसं असलेलं दुकान-ऑफिस असेल, तर ती द्यावीच लागते. राजीनामा दिला तरी द्यावी लागते, निवृत्तीच व्हायला हवं असं नाही. कामगार वारला किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांचीही अट नाही. आणि मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट त्या १९७२ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये होती. कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, रक्कम ठरवून कामगाराला लेखी कळवणं आणि तीस दिवसांत देणं हे मालकाचं काम आहे. उशीर झाला तर व्याज. मी हे कलम काकांकडच्या जुन्या पुस्तकात स्वतः वाचलं आणि मग केबिनमधलं ते ‘सगळ्यांचं असंच केलंय’ आठवून मन फार अस्वस्थ झालं.

काकांनी पहिल्यांदा फॉर्म आय भरायला लावला. हा मालकाकडे करायचा अर्ज, तीस दिवसांच्या आत. नाव, हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा पगार आणि मागितलेली रक्कम. तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावतीवर कंपनीचा शिक्का आला. ती पिवळी पावती मी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती आणि पुढे ती कोर्टात लावली गेली.

लेखी उत्तर आलं नाही. फोन केला की “पुढच्या महिन्यात बघू, मोठे साहेब बाहेर आहेत” असं ऐकायला मिळायचं. इथे माणसं अडकतात. मालकाने रक्कम नाकारली, कमी दिली किंवा अर्जावर काही कळवलंच नाही, तर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायची मुदत तेव्हा नव्वद दिवसांची होती. उशीर झाला तर कारण सांगून विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण मग आधी त्याच्यावरच वाद. फोनवरच्या गोड बोलण्यात हे नव्वद दिवस निघून जातात.

घरात एकमत नव्हतं. मोठे दीर म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि साठ हजारांसाठी वकिलाला किती देणार? त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला जिल्हा न्यायालयाच्या आवारात मिळालं. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मी दोन्हींत बसत होते. साधा अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि थोड्याच दिवसांत मला एक वकील मॅडम नेमून दिल्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. माझा अनुभव पूर्ण उलटा आहे. मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या पिशवीतला प्रत्येक कागद बाहेर काढून वाचला.

कुठे जायचं हेही त्यांच्याकडून नीट कळलं. माझी कंपनी एकाच राज्यातली, म्हणून महाराष्ट्रात माझा अर्ज लेबर कोर्टाकडे. ज्या कंपनीच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत आहेत तिच्यासाठी केंद्र सरकारचं कामगार आयुक्तालय असतं, तिथला सहायक कामगार आयुक्त हे काम बघतो. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर हातातली मुदत वाया जाते, म्हणून अर्ज करण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

अर्ज फॉर्म एन मध्ये. मॅडमनी सोबत कागदांची यादी केली. नेमणुकीचं पत्र, कायम केल्याचं पत्र, जेवढ्या सापडल्या तेवढ्या पगाराच्या चिठ्ठ्या, कंपनीचं ओळखपत्र, राजीनामा आणि तो मिळाल्याची सही, फॉर्म आय आणि पोचपावती, हरकत लिहिलेल्या हिशेबाची प्रत. आणि पीएफच्या वार्षिक स्लिपा. या स्लिपा पूर्वी दरवर्षी छापील मिळायच्या. मी त्या माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवत गेले होते. त्यांनीच माझा दावा उभा केला.

कंपनीने आपल्या कैफियतीत, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात, मांडलं की अर्जदार पहिली साडेचार वर्षं शिकाऊ होती, तिला विद्यावेतन मिळत होतं आणि कायद्यातून अप्रेंटिसला वगळलेलं आहे. वगळलेलं आहे हे खरंच आहे. प्रश्न एवढाच होता, की मी अप्रेंटिस होते का? मॅडमनी मला समजावलं, “हुद्द्याचं नाव काय लिहिलंय त्यावर हे ठरत नाही. काम काय केलं, पैसे कशाचे मिळाले आणि कंपनीने दुसऱ्या सरकारी खात्यांना तुमच्याबद्दल काय कळवलं, हे बघायचं.” दुसऱ्या खात्यांना काय कळवलं हा मुद्दा मला सुचलाच नसता.

अप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही. त्याला ईएसआयही (कामगार राज्य विमा) लागू होत नाही. माझा पीएफ पहिल्या वर्षापासून कापलेला होता. स्लिपांवर माझा हिस्सा एका रकान्यात, कंपनीचा हिस्सा दुसऱ्या रकान्यात. म्हणजे पीएफ ऑफिसला कंपनी सांगत होती की ही आमची कर्मचारी आहे, आणि मला सांगत होती की तू कर्मचारी नव्हतीस.

ईएसआयचा कागद तर मी पिशवीत टाकलाही नव्हता. मॅडमनी विचारलं, “या साडेचार वर्षांत कधी आजारपण, दवाखाना?” मी म्हटलं, २०१३ मध्ये माझी मुलगी झाली, तेव्हा रजेवर होते. “पैसे कुठून मिळाले?” ईएसआयच्या शाखेतून, बारा आठवड्यांचे. “कागद आहे?” घरी जाऊन शोधला. मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात घडी करून ठेवलेला सापडला. त्यावर माझा विमा क्रमांक, कंपनीचा कोड नंबर आणि प्रसूती लाभाची रक्कम होती. कंपनी ज्या काळात मी शिकाऊ होते म्हणत होती, त्याच काळात मला विमाधारक कर्मचारी म्हणून बाळंतपणाचा लाभ मिळालेला होता. हा कागद पुरावा म्हणून निशाणी (क्रमांक) पडून कोर्टाच्या फाइलीत गेला तेव्हा मला फार बरं वाटलं. शिवाय बाळंतपणाच्या रजेमुळे नोकरीत खंड पडला, असंही कुणाला म्हणता येत नाही. ग्रॅच्युइटी कायदाच ती रजा सलग नोकरीत धरतो.

तारखांबद्दल फार लिहीत नाही. त्या पडतात. कधी कंपनीचे वकील वेळ मागतात, कधी साहेब रजेवर असतात. मी एक करायचे, प्रत्येक तारखेला रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलं ते मॅडमना विचारून वहीत उतरवायचे. त्यामुळे कुणी कशासाठी वेळ घेतला हे माझ्याजवळ राहिलं, आणि पुढच्या वेळी त्याच कारणासाठी वेळ मागितला की मॅडमना ते लगेच दाखवून देता यायचं.

माझी उलटतपासणी झाली त्याआधी रात्रभर झोप लागली नव्हती. प्रत्यक्षात प्रश्न साधे होते. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “तुम्हाला विद्यावेतन मिळत होतं हे खरं आहे का?” मी म्हटलं, चिठ्ठीवर स्टायपेंड लिहिलेलं असायचं आणि त्याच्यातूनच पीएफ कापलेला असायचा. “तुम्हाला सुपरवायझर काम शिकवत होते हे बरोबर आहे का?” मी म्हटलं, पहिले काही दिवस शिकवलं, नंतर नवीन मुलींना मीच शिकवत होते. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही. मॅडमनी मला एवढंच सांगून ठेवलं होतं, की विचारलं तेवढंच बोलायचं आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं.

मग एचआरच्या साहेबांची उलटतपासणी झाली. मॅडमनी त्यांना विचारलं, की माझ्याशी अप्रेंटिसशिपचा करार करून तो सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवला होता का. ते म्हणाले, रेकॉर्डवर नाही. प्रशिक्षणाचा काही अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र? नाही. ट्रेनी आणि कायम कामगार एकाच मशीनवर, एकाच पाळीत असायचे का? हो. ट्रेनीला दिवसाचं टार्गेट असायचं का? थोडं थांबून ते म्हणाले, हो. ते खरं बोलले, यासाठी मी त्यांची आभारी आहे. मोल्डिंगवर उभ्या राहिलेल्या आम्हा सगळ्यांनाच हे माहीत होतं, पण ते शपथेवर लिहून घेतलं गेलं आणि त्याला किंमत आली.

निकाल २०२४ मध्ये लागला. २०१० पासूनची सगळी नोकरी धरली, २६ ने भागून हिशेब केला, दिलेले ६३,७०० वजा केले आणि उरलेले ६२,३०० रुपये दहा टक्के सरळ व्याजाने द्यायचा आदेश झाला. व्याज रक्कम देय झाल्यापासून. म्हणजे कंपनीने ताणलेल्या प्रत्येक वर्षाचे मला ६,२३० रुपये वेगळे मिळाले. कंपनीला साठ दिवसांत औद्योगिक न्यायालयात अपील करता आलं असतं, पण त्यासाठी आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. त्यांनी अपील केलं नाही, डिमांड ड्राफ्ट दिला. दिला नसता तर वसुली दाखला मागायचा होता. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मॅडमनी तोही अर्ज तयार ठेवला होता.

त्यानंतर कायद्याची मांडणी बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांना पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतरच ती मिळते. पगाराची व्याख्याही बदलली. वेगवेगळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारात धरायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवणाऱ्या कंपन्यांमधल्या लोकांना याचा मोठा फायदा आहे. ज्यांची नोकरी आता सुटतेय त्यांनी आपला हिशेब नव्या व्याख्येने करून घ्यावा.

आमच्या कारखान्यात आता २६ ने भागतात असं तिथल्या मैत्रिणींकडून कळलं. ट्रेनीची वर्षं मात्र अजूनही आपणहून धरत नाहीत. माझ्याबरोबर लागलेल्या दोघींनी लेबर कोर्टात अर्ज केलाय. त्यातल्या एकीची नव्वद दिवसांची मुदत उलटून गेली होती, म्हणून तिने विलंब माफीचा अर्ज जोडलाय. तिने पीएफच्या स्लिपा जपून ठेवलेल्या नाहीत, म्हणून पीएफ ऑफिसकडे जुन्या खात्याचा उतारा मागितलाय. ईएसआयचं कार्ड सापडलंय. माझ्या निकालाची प्रमाणित नक्कल मी काढून दिली, ती दोघींच्या कागदांच्या यादीत लावलीय. दोघींना वकील विधी सेवा प्राधिकरणाकडूनच मिळालेत.